धुळीच्या दिवसांतलं पाणी

परत आली मेली.

सकाळी गच्चीवर गेले तर दोरीवरची पांढरी चादर पिवळट पडलेली. कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाला पिठासारखी बारीक धूळ लागली. शेजारच्या वहिनी खालून म्हणाल्या, "मॅडम, बघा की, कारखान्यानं काय घाण सोडलीय." कारखान्याची काजळी काळी असते, चुरगाळली की बोटावर तेलकट रेघ उठते. आमच्या रानातली धूळ जड असते, ट्रॅक्टर पुढं गेला की मागं खाली बसते. ही धूळ ना बारामतीची, ना इंदापूरची. ही समुद्र ओलांडून आलेली आहे. सूर्य वर आला होता पण त्याच्यात दम नव्हता, आणि आमच्या जळोचीतल्या पाण्याच्या टाक्या, नवी बांधकामं, मागची उसाची रानं सगळी एकाच मळक्या रंगात बुडाली होती. अशा दिवसांत लोकांना खोकला येतो. मला राग येतो.

मी इथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची भांडणं पोरांना समजावून सांगते. हो, भांडणंच. पुस्तकात त्यांना फार सभ्य नावं दिलेली आहेत. प्रत्यक्षात तिथं रोज मुडदे पडतात.

या धुळीची आणि माझी ओळख झाली ती समुद्रावर. शिकत होते तेव्हा आम्हा काही जणांना एका संशोधनाच्या जहाजावरून अरबी समुद्रात पार आतवर नेलं होतं. भिगवणजवळच्या वस्तीवर वाढलेली मी, पाणी म्हणजे धरणाचं, एवढंच ठाऊक. सुरुवातीचे दिवस नुसती ओकत होते. मग एका दुपारी वायव्येकडचं आभाळ तपकिरी झालं आणि वारा असा आदळला की बांधून ठेवलेली ताडपत्री टराटरा फाटली. दातांखाली कचकच, डोळ्यांत कचकच, भातात कचकच. अरबस्तानच्या वाळवंटातून उठलेली धूळ होती ती. हवा ओढणाऱ्या यंत्रात आम्ही पांढरे गाळणकागद लावले होते, ते काढले तेव्हा विटकरी झाले होते. खलाशी शिव्या घालत होते आणि आमचे सर मात्र हात चोळत उभे होते. "आता बघ," ते मला म्हणाले, "आता खाली दंगल होणार."

खोल समुद्राचं निळं पाणी आपल्याला फार सुंदर वाटतं. ते निळं असतं कारण ते उपाशी असतं. ऊन आहे, पाणी आहे, पण लोह नाही, फॉस्फरस नाही. बिनखताचा माळ जसा उघडा पडतो तसं ते पाणी उघडं पडलेलं असतं. त्यात धूळ पडली की कणभर लोहासाठी जी हाणामारी सुरू होते तिला तोड नाही. काही जीवाणू लोह पकडणारे रेणू पाण्यात सोडतात, आणि ज्यांना ते बनवायची ऐपत नाही ते पकडलेला माल वाटेतच लुटतात. पाण्यावर भुशासारखे तरंगणारे काही नीलहरित जीव आहेत, ते धुळीचे कण अंगावर झेलतात आणि ढकलत ढकलत आपल्या झुबक्याच्या मधोमध नेऊन ठेवतात. ताग जसा हवेतला नत्र जमिनीत धरतो तसा हे तो पाण्यात धरतात, म्हणून त्यांचं बरं चाललं की शेजाऱ्यांचंही चालतं. पाणी हिरवं होतं. मग विषाणू तुटून पडतात, पेशीत शिरतात, आत वाढतात आणि पेशी फोडून बाहेर येतात. फुटलेल्यांवर दुसरे जगतात. उरलेली मढी खाली जातात आणि ती कुजवण्यात खालच्या पाण्यातला प्राणवायू संपत जातो. अरबी समुद्राच्या पोटात असा एक अवाढव्य थर आहे, जिथं श्वास घेण्याजोगं जवळजवळ काही उरलेलंच नाही. त्याला धूळ एकटी जबाबदार नाही, पण तिचाही हात आहे.

मी जहाजावरून घरी आले ती या धुळीच्या प्रेमात पडून. आईला सांगितलं, वाळवंटातली धूळ समुद्राला जेवू घालते. आई भाकरी थापत होती. "मग आमाला का नुसती खोकायला लावती?" ती म्हणाली.

माझी आई हौसाबाई. उंच, हाडकुळी, जिभेला धार. वडील गेल्यावर तिनं ऊस, जनावरं आणि आम्ही दोघं भावंडं असं सगळं एकटीनं रेटलं. मी थोरली, माझ्या पाठीवर दिगू. मी शिकायला बाहेर पडले आणि बाहेरचीच झाले, दिगू वस्तीवर राहिला. आमचं रान धरणाच्या फुगवट्याला लागून. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं तसा काळाभोर गाळ उघडा पडतो आणि दिगूची पाणी उपसायची मोटार त्या पाण्याच्या मागं मागं खाली न्यावी लागते. मोटारीच्या पलीकडं नामाची झोपडी. नामा मासे धरणारा. त्याची माणसं कुठून कुठून आली आणि धरणाच्या कडेला राहिली, पण नामा जन्मला तो याच काठावर. दिगू आणि तो एका ताटात जेवलेले. आमच्या घरी चिलापीचं कालवण व्हायचं ते नामाकडच्या चिलापीचं, आणि त्याच्या घरी सणाला पोळी जायची ती आईच्या हातची.

मला सांगायचाय तो हंगाम या सगळ्यांच्या अंगावरून गेला.

त्या वर्षी होळी झाली आणि मागोमाग धूळ आली. मी सुट्टी काढून माहेरी गेले होते. पहिल्या दिवशी वारा सुटला तो नुसता मारत सुटला. केळीची पानं चिंध्या झाली, गोठ्यावरचा पत्रा उडून उसात पडला, बांधावरची बाभळ मुळासकट आडवी झाली. आणि मग वारा एकदम मेला. पान हलेना. वर धूळ मात्र तशीच टांगलेली, दिवसामागून दिवस, आणि तिच्यामागं सूर्य पिवळ्या बटणाएवढा. पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी सुद्धा मळकट दिसत होते.

आता आमच्या उजनी धरणाचं पाणी काही समुद्रासारखं उपाशी नाही. त्याला अजीर्ण झालेलं आहे. वरच्या शहरांची गटारं त्यात, आमच्या उसाचा युरिया त्यात, आमची सगळ्यांची घाण त्यात. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्यावर हिरवी साय धरते. त्या सायीत कोट्यवधी जीव असतात. दिवसा उन्हावर ते प्राणवायू करतात आणि अंधार पडला की तोच ओढून घेतात. ऊन चांगलं असेल, वारा पाणी ढवळत असेल, तर हिशेब कसाबसा जुळतो. त्या दिवसांत ऊनही नव्हतं आणि वाराही नव्हता. साय मरायला लागली, मरताना काठाशी निळसर रंग सोडायला लागली, आणि तिला कुजवणारे जीवाणू उरलासुरला श्वास खाऊन बसले. जी धूळ समुद्रात पडून भुकेल्यांना उठवते, तिनं इथं नुसतं ऊन अडवून सगळ्यांचा गळा आवळला. आणि ही निळी-हिरवी साय मरते, फुटते, तेव्हा तिच्या पोटातलं विष पाण्यात मोकळं होतं. ते यकृतावर जातं. हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवते.

मग एका सकाळी उठलो तो वासानं. काठावर गेले तर पाणी दिसत नव्हतं, मासे दिसत होते. चिलापी, रोहू, कटला, शिंगटे, पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले, आणि त्यांच्यामागं जिवंत असलेले वर येऊन तोंड वासत होते. एक मोठा कटला माझ्या पायाशी येऊन आपटत होता, कल्ले उघडत होता, मिटत होता. कावळ्यांनी जिवंत माशांचेच डोळे फोडायला सुरुवात केली होती. नामाची बायको गुडघाभर पाण्यात उभी राहून दोन्ही हातांनी ऊर बडवत होती. होड्यांवरून माणसं येत होती, पलीकडच्या काठावरून येत होती. वर्षाचं पोट त्या पाण्यात उलटं तरंगत होतं.

मग कुणीतरी म्हणालं, विष घातलंय.

हे म्हणायला कारण होतं. विष टाकून मासे मारणारी हलकट माणसं या पाण्यावर अधूनमधून निघतात, ते सगळ्यांनी बघितलेलं. आणि आदल्या दिवशी, उजेड होता तोवर, दिगू मोटारीपाशी बसून ॲसिडचा कॅन विसळत होता. ठिबकच्या नळ्यांत क्षार धरतो म्हणून ड्रिपवाला प्रत्येक शेतकरी पाण्यातून थोडं ॲसिड सोडतो. नळ्या साफ झाल्या की रिकामा कॅन धरणात विसळायचा, जशी जेवल्यावर चूळ भरायची. कुणालाच त्यात काही वाटत नाही. कॅनभर काय, टँकरभर ॲसिडनंही त्या एवढ्या पाण्याला काही झालं नसतं. पण नामाच्या बायकोनं त्याला विसळताना पाहिलं होतं आणि तिनं हात करून दाखवला.

दिगू तेव्हा मोटारीपाशीच होता. त्याला वाटलं, त्याला मदतीला बोलावतायत. तो हसत पुढं गेला.

पहिला फटका वल्ह्याचा होता. मी तो आवाज ऐकला. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज, त्याच्या जबड्याचा. मग माणसं दिसेनाशी झाली, नुसते हात आणि पाय दिसत राहिले. कुणी होडीच्या दोरानं हाणत होतं, कुणी मेलेल्या माशांनी. नामा त्याच्या छातीवर बसून दोन्ही मुठींनी मारत होता आणि रडत होता. "माझी लेकरं काय खातील रं," म्हणत मारत होता. दिगूचा एक डोळा रक्तानं भरला होता, दुसऱ्यानं तो नामाकडं बघत होता. मी धावत गेले, एकाला चावले, कुणीतरी मला केसाला धरून चिखलात फेकलं. मी ओरडत होते, धुळीनं झालंय, ऊन नव्हतं म्हणून झालंय, दिगूनं काही केलं नाही.

"धुळीनं मासं मरत्यात व्हय?" एकजण म्हणाला आणि दोघंतिघं चक्क हसले.

आमच्या काठावर एक रीत आहे. जाळं चोरीला गेलं, मोटारीची केबल तोडली, कुणावर आळ आला, की त्याला पाण्याशी न्यायचं आणि म्हणायचं, माईचं पाणी पिऊन सांग. माई म्हणजे भीमामाई. धरण झालं, नदी दिसायची बंद झाली, पण शपथ तिचीच. खोटं बोलणाऱ्याला ते पाणी पचत नाही म्हणतात. मी लहानपणापासून बघत आले, खरोखर चोर असलेली माणसं घोट तोंडाशी नेताना अडखळतात.

नामाला ते आठवलं असावं. तो दिगूच्या छातीवरून न उठताच म्हणाला, "पाज रं त्येला. विष न्हाय ना घातलं? मग पिऊन दाव."

कुणीतरी ओंजळ भरून आणली. हिरवी, दाट, बोटांतून निळसर ओघळ गळणारी. आणि मी किंचाळले, "पाजू नका त्याला. विषारी आहे ते पाणी."

शब्दन् शब्द खरा होता. आजही त्या वाक्यात मला चूक काढता येत नाही आणि त्याचाच मला संताप येतो. एवढं शिकले, जहाजावर ओकत ओकत शिकले, आणि ऐन वेळेला तोंडातून जे खरं निघालं ते माझ्या सख्ख्या भावाच्या गळ्याला फास होऊन बसलं. क्षणभर सगळे थांबले. मग नामाची बायको म्हणाली, "ऐका. त्येची बहीणच म्हणतीया, विष हाय." आणि लोक त्याच्यावर पुन्हा तुटून पडले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर आभाळात टांगलेला होता आणि कुणी मान वर करून बघत नव्हतं.

आई तेवढ्यात बांधावरून आली. दिगूची न्याहारी घेऊन निघाली होती, हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि स्टीलचा तांब्या. ती ओरडली नाही, धावली नाही. भाकरी तिनं बांधावर ठेवली. तांब्यातलं चांगलं पाणी ओतून दिलं. सरळ गर्दीच्या कडेनं पाण्यात उतरली, मासे पायानं बाजूला सारले, आणि तांब्या बुडवून भरला. मी "आई, नको" म्हणाले असेन. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला माहीत होतं. मी तिला त्या सायीबद्दल कैकदा सांगितलं होतं, जनावरांना काठाशी पाजू नकोस म्हणून सांगितलं होतं आणि ती ते ऐकतही होती. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. घशाचं हाड वरखाली होताना सगळ्यांनी बघितलं. पदरानं तोंड पुसलं.

"लेकाच्या वाटचं मी प्याले," ती नामाला म्हणाली. "आता मी मेले तर त्येला खुशाल मार. न्हाय मेले तर ऊठ त्येच्या छातीवरनं."

आणि तिथंच चिखलात मांडी घालून बसली, सगळ्यांच्या समोर.

मी उठले, तिच्या हातातला तांब्या घेतला, भरला आणि प्याले. शास्त्र, पदवी, कॉलेज, सगळं त्या वेळी काठावर राहिलं. माझ्याच्यानं निम्मासुद्धा संपला नाही. त्या पाण्याची चव कुजलेल्या गवताची आणि लोखंडाची होती.

लोक वाट बघत बसले. एवढंच आठवतं मला, की ते बसले. ज्यांनी आत्ता आत्ता माणूस तुडवला होता ते उकिडवे बसून माझी आई मरते का ते बघत होते. आई त्यांच्याकडं बघत होती. तिच्या कपाळावर घाम डवरला, ओठ पांढरे पडले, पोटात कळ उठली की तिची बोटं मांडीचं लुगडं घट्ट धरत, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शेवटी नामा उठला. मान खाली घालून होडीकडं गेला. मग एकेक करत बाकीचे गेले.

भिगवणचे हमीदभाई रोज सकाळी बर्फ टाकलेला पिकअप घेऊन मासळी उचलायला यायचे. त्या दिवशी उचलायला काही नव्हतं, तर त्यांनी दिगूला उचललं. आई कुणाचा आधार न घेता चालत पिकअपपर्यंत आली, मागं चढली, ताडपत्री ओढून घेतली. गाडी हायवेला लागली तशी ती बर्फाच्या पेटीवर वाकली आणि ओकायला लागली ती बारामती येईपर्यंत ओकतच होती. मीही ओकत होते. दिगू मधे निपचित. हमीदभाईंनी एकदा गाडी थांबवून मागं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"भाई," आई म्हणाली, "मी आजारी हाय हे काठावर कुणाला कळू देऊ नगासा. कळलं तर विष व्हतं म्हनतील आन् माझं पोरगं जित्तं ठेवायचे न्हाईत."

"आमच्या तोंडून न्हाय निघणार, हौसाबाई," ते म्हणाले. नाहीच निघालं.

दिगूचा एक डोळा गेला. जबडा तारेनं बांधला, तो वाकडाच बसला, अजून त्याला भाकरी कुस्करून खावी लागते. आई हळदीसारखी पिवळी झाली. डॉक्टरांना मी खरं सांगितलं, त्यांनी यकृताला मार बसलाय, यावर उतारा नाही, एवढंच सांगितलं. कितीतरी दिवस ती जाते की राहते अशी होती. मी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरत होते, आणि वस्तीवरून फोन आला की चांगल्या आवाजात सांगत होते, आई माझ्याकडं जळोचीला आहे, पापड-कुरडया घालायच्यात, एवढ्यात नाही यायची. पोलिसांत जायचं आईनं नाव काढू दिलं नाही. तिथंच राहायचंय, त्याच पाण्यावर, म्हणाली. ती वाचली. पण पहिल्यासारखी झाली नाही. अन्नाचा वासही तिला सोसेना आणि चार पावलं चालली की बसते.

आणि काठावर काय झालं? काठावर गोष्ट तयार झाली. हौसाबाईनं तांब्याभर पाणी प्यालं, तिला कायबी झालं न्हाय. लेकीनंबी प्यालं. म्हणजे पाणी चांगलंच हाय. वर्षं गेली तशी गोष्ट पक्की होत गेली. हिरव्या सायीतून लोक जनावरं पाजायला लागले, नळाला पाणी नसलं की बाया साय हातानं बाजूला करून घागरी भरायला लागल्या. कुणाचं कुत्रं मेलं, कुणाची शेळी मेली, त्यांना साप चावला म्हणाले. मी जाऊन सांगायची, हे पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा याचं विष जात नाही. म्हातारी माणसं माझ्याकडं दयेनं बघायची. "अगं, तुझ्या आयनंच तर प्यालं की."

मी आईशी भांडले. एकदा नाही, दर उन्हाळ्याला भांडले. तू सांग, तू सांगितलंस तर ऐकतील. तिचं एकच. "तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. मी मेले तर मार असं मीच म्हनलेय त्येला, साऱ्यांच्या म्होरं. माझा एकच लेक हाय." मी तिला म्हणाले, आणि बाकीच्यांच्या लेकरांचं काय? ती तोंड फिरवून धान्य निवडायला घ्यायची. त्या तोंड फिरवण्यात उत्तर होतं आणि ते मला आवडत नव्हतं, पण दिगूचा मिटलेला डोळा समोर असायचा आणि माझीही जीभ तिथंच अडायची.

म्हणून म्हणते, या धुळीचा मला राग येतो. समुद्रावर ती पडते तेव्हा खाली जे काही फाटतं, फुटतं, मरतं, त्याला निदान द्वेष ठाऊक नसतो. जीवाणू जीवाणूच्या छातीवर बसून रडत नाही.

आज चादर तशीच दोरीवर ठेवली आणि गाडी काढली. भिगवणपर्यंत दिवे लावून चालवावी लागली, भर सकाळी. वारा मेलेला. वस्तीवर उतरले तर आई ओट्यावर नव्हती. काठाकडं माणसं जमलेली दिसली आणि मी तिकडं धावले.

नामाची म्हैस पाण्याच्या कडेला आडवी पडली होती. तोंडाला हिरवट फेस, पाय ताठ, पोट भात्यासारखं हलत होतं आणि हलता हलता थांबलं. नामा तिच्या मानेवर हात ठेवून बसला होता. त्याचे केस पांढरे झालेत आता. मागून कुणीतरी म्हणालं, "कुणी घातलं असंल?" आणि सगळ्यांच्या माना हळूहळू दिगूच्या मोटारीकडं वळल्या. दिगू तिथं उभा होता. तो पळाला नाही. हातातला पाना त्यानं खाली टाकला आणि दोन्ही हात मोकळे सोडून उभा राहिला. नामाची सून, पोटुशी, कमरेवर भरलेली घागर घेऊन सासऱ्याच्या मागं थांबली होती.

आई काठी टेकत टेकत गर्दीतून पुढं आली. दोनदा थांबून दम घेतला. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, दिगूकडंही नाही. त्या सुनेच्या पोटाकडं बघितलं.

"कुणी न्हाय घातलं," ती म्हणाली. "पानीच तसं झालंय. धुळीच्या दिसांत ह्ये असंच व्हतं. माझी लेक तवाबी हेच सांगत व्हती. त्या वर्षी ह्येच पानी पिऊन मी मरता मरता वाचले. पापड घालाय न्हवते गेले मी, दवाखान्यात पडले व्हते. हमीदभाईला इचारा."

नामानं म्हशीच्या मानेवरचा हात काढला आणि उठला. तो आईच्या समोर येऊन उभा राहिला, एवढा जवळ की मी पुढं झाले.

"काकी," तो म्हणाला, "मग तवा का न्हाय सांगितलं?"

"तवा तू माझ्या लेकाच्या छातीवर बसला व्हतास."

नामाच्या मागं सुनेनं कमरेवरची घागर उतरवली, आणि तिथंच चिखलात ओतून दिली.